सड्यावरचा हत्ती

मित्रांनो, १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का?

वेरूळची सहल करून आलेले लगेच म्हणतील, "कैलास लेण्याच्या अंगणात दगडी हत्ती आहे की!" आहे ना, पण तो एवढा मोठा नाही. गडचिरोलीकडची मुलं म्हणतील, आमच्या कमलापूरला हत्तींचा कॅम्पच आहे. तिथले हत्ती खरेखुरे, चारा खाणारे. पण खरा हत्ती कितीही दांडगा झाला तरी सोंडेच्या टोकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत सात-आठ मीटरच्या पुढे काही फारसा जात नाही.

मी सांगतोय तो हत्ती रत्नागिरी जिल्ह्यात आहे. राजापूर तालुक्यातलं कशेळी गाव, तेच ते, कनकादित्याच्या देवळाचं. त्या गावच्या सड्यावर हा हत्ती हजारो वर्षं पडून आहे. पडून म्हणजे अक्षरशः पडून! तो उभा नाहीच. उघड्या कातळाच्या जमिनीवर रेघा खोदून त्याची आकृती कोरलेली आहे. आणि गंमत पुढेच आहे. या हत्तीच्या पोटात, म्हणजे त्या रेघेच्या आत, आणखी कितीतरी लहान लहान प्राणी कोरलेले आहेत. काही जमिनीवरचे, काही पाण्यातले. जणू एका हत्तीच्या पोटात अख्खं प्राणिसंग्रहालय!

अशा कोरीवकामाला आता 'कातळशिल्प' म्हणतात. हा शब्द तुमच्या आजी-आजोबांच्या शाळेच्या पुस्तकात नव्हता. तो कसा रुळला, ते पुढे सांगतोच. आधी सड्याची ओळख करून घेऊ, कारण सडा नीट कळल्याशिवाय हा हत्ती कळायचा नाही.

देशावरच्या मुलांना 'सडा' म्हटलं की अंगणातला शेणसडा नाहीतर प्राजक्ताचा सडा आठवेल. कोकणात मात्र डोंगरमाथ्यावरच्या सपाट, उघड्या, खडकाळ पठाराला सडा म्हणतात. मैलभर चालत राहा, झाड औषधालाही सापडणार नाही. उन्हाळ्यात पायाखालचा दगड असा तापतो की अनवाणी माणूस नाचायलाच लागेल. आणि जूनमध्ये पहिल्या चार सरी पडल्या की तोच सडा ओळखू येत नाही. खळग्यांतून डबकी साचतात, बेडूक ओरडायला लागतात, दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात, मग सीतेच्या आसवांनी जमीन निळी-जांभळी होते. ही दीपकाडी कोकणातल्या अशा सड्यांवरच प्रामुख्याने फुलते, बरं का!

या सड्याचा दगड म्हणजे जांभा. काळ्या बसाल्ट खडकावर लक्षावधी वर्षं कडक ऊन आणि धो धो पाऊस यांचा मारा झाला. त्यातलं जे विरघळण्याजोगं होतं ते वाहून गेलं. मागे राहिली ती मुख्यतः लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं. लोखंड आलं की गंज आला, म्हणून जांभा तांबडा. जमिनीतून नुकता काढलेला जांभा बऱ्यापैकी मऊ असतो आणि हवा लागली की हळूहळू घट्ट होत जातो. म्हणूनच तर त्याचे चिरे कापता येतात. कोकणातली घरं, विहिरी, देवळं, गडगे, सगळं या चिऱ्यांचंच. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने केरळातला हाच दगड पाहून त्याला 'लॅटेराइट' असं नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. म्हणजे आपल्या गवंड्यांनी ज्याला चिरा म्हटलं, त्याला साहेबाने वीट म्हटलं, एवढाच काय तो फरक!

तर असा हा दगड. पोलादी छिन्नी नसतानाही कोरता येईल इतपत मऊ, आणि कोरलेलं हजारो वर्षं टिकेल इतपत घट्ट. वर मोठं सपाट अंगण. चित्र काढायची हौस असलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आता तुम्ही विचाराल, एवढा मोठा हत्ती गावाजवळ पडलेला, मग तो कुणाला दिसला कसा नाही? दिसला होता ना! गुरं राखणाऱ्यांना दिसला होता, गवत कापणाऱ्यांना दिसला होता, सड्यावरून पलीकडच्या गावी पायी जाणाऱ्यांना दिसला होता. बऱ्याच गावांत लोक म्हणायचे, पांडव वनवासात इथे आले होते, त्यांनी एका रात्रीत हे कोरलं. काही ठिकाणी या आकृत्या देवाच्या मानल्या गेल्या आणि त्यांच्याशी गावच्या चालीरीती जोडल्या गेल्या. राजापूर तालुक्यातल्या देवीहसोळला आर्यादुर्गा देवीच्या देवळाजवळच कातळात कोरलेली मोठी चौकोनी रचना आहे. गावाला ती ठाऊक होती, तिचा मानही राखला जात होता. नव्हती ती फक्त पुस्तकात आणि नकाशात.

ती नकाशात यावी म्हणून रत्नागिरीतल्या काही मंडळींनी पायपीट सुरू केली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई ही त्यांतली प्रमुख नावं. २०१२ सालापासून पुढे त्यांनी गावोगावचे सडे अक्षरशः पालथे घातले. सुट्टीच्या दिवशी निघायचं, गावात जायचं, पारावर बसायचं आणि विचारायचं, "तुमच्या सड्यावर चित्रं आहेत का हो कोरलेली?" कधी होकार, कधी नकार, कधी "असतील, पण आता गवतात कुठे शोधणार?" असं उत्तर.

आणि मित्रांनो, पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. या शोधात शाळांनाही सामील करून घेण्यात आलं. मुलांना सांगितलं, घरी जा आणि आजी-आजोबांना विचारा. लहानपणी गुरं घेऊन सड्यावर जायचात, तेव्हा तिथे काही कोरलेलं पाहिलंत का? झालं! ज्या गोष्टीला घरात कुणी महत्त्व दिलं नव्हतं, ती आजोबांच्या आठवणीतून नातवाच्या वहीत आली. कातळशिल्पं सापडण्यात उपग्रहांपेक्षा अशा आठवणींचाच वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. २०२२ सालापर्यंत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे ७० ठिकाणी मिळून दीड हजारांहून अधिक आकृत्यांची नोंद झाली होती.

या आकृत्यांत आहे तरी काय काय? वाघ आहे, हरणं आहेत, रानडुक्कर आहे, माकड आहे, मोर आहे. साप आहेत, कासवं आहेत. मासे तर आहेतच. शार्क म्हणजे आपली मुशी आणि चपटा, लांब शेपटीचा पाकट मासाही आहे. कोकणातल्या मुलांना पाकट लगेच ओळखता येईल, बाजारात पाहिलेला असतो ना! माणसं आहेत, माणसांची पावलं आहेत. आणि काही नक्षीच्या चौकटी अशा आहेत की त्यांचा अर्थ भल्याभल्यांना लागलेला नाही.

पण या सगळ्या गर्दीत एक पाहुणा असा आहे की त्याला पाहून शास्त्रज्ञांनीही भुवया उंचावल्या. तो म्हणजे एकशिंगी गेंडा!

गेंडा आणि कोकणात? आज आपल्या देशात रानटी गेंडे बघायचे तर आसाम, पश्चिम बंगाल नाहीतर उत्तर प्रदेशातलं दुधवा इथे जायला हवं. मग ज्याने हा गेंडा कोरला त्याने तो पाहिला कुठे? इथे आपण जरा गुप्तहेर होऊ या.

पहिला धागा गुजरातचा. मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचं गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नामवंत पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तिथे उत्खनन केलं. तिथे दगडाची छोटी हत्यारं वापरणाऱ्या शिकारी माणसांची वस्ती सापडली आणि त्यांत चक्क गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं! त्या हाडाचा वापर ऐरणीसारखा केला असावा, अशा खुणाही त्यावर आहेत. म्हणजे एके काळी गुजरातेत गेंडे होते. दुसरा धागा बादशहा बाबराचा. सोळाव्या शतकात त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यांत सिंधू नदीच्या मुलखातल्या गेंड्यांचा आणि त्यांच्या शिकारीचा उल्लेख आहे. म्हणजे गेंड्याचं राज्य पूर्वी केवढं तरी पसरलेलं होतं आणि माणसाने ते हळूहळू आसामपर्यंत मागे रेटलं.

मग कोकणातही गेंडे होते, असं छातीठोकपणे म्हणायचं का? थांबा. घाई करायची नाही. कदाचित होते. कदाचित कोरणारी माणसं शिकारीच्या मागे दूरवर भटकत असतील, तिकडे पाहिलेला प्राणी त्यांनी इकडे येऊन कोरला असेल. नुसत्या चित्रावरून निकाल देता येत नाही. कोकणात गेंड्याचं हाड सापडलं तर बोलू. पण एक मात्र नक्की. ज्याने तो कोरला त्याला गेंडा चांगला ठाऊक होता.

हत्तीचंही तसंच. पूर्वी कोकणात हत्ती म्हटलं की लोक हसायचे. पण २००२ साली कर्नाटकातून हत्तींचा कळप सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात उतरला आणि केळी-माडांच्या बागांतून फिरायला लागला. तेव्हापासून तिकडे हत्ती म्हटलं तर कुणी हसत नाही!

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: ही चित्रं किती जुनी?

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, आणि जो कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगेल त्याच्याकडे जरा संशयानेच बघा. जुन्या वस्तूचं वय काढायची प्रसिद्ध पद्धत म्हणजे कार्बन १४. पण तिच्यासाठी एके काळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं: लाकूड, कोळसा, हाड, धान्य. कातळात खोदलेली रेघ म्हणजे नुसता दगड काढून केलेली खाच. दगड फार जुना, पण रेघ त्यावर कधी मारली, ते दगड सांगत नाही.

मग अभ्यासक काय करतात? चित्रांत काय आहे हे जसं बघतात, तसंच काय नाही हेही बघतात. रत्नागिरीच्या या आकृत्यांत शेतीचं चित्र सापडत नाही. नांगर नाही, पेरणी नाही. आहेत ते रानातले आणि समुद्रातले प्राणी. म्हणजे कोरणारी माणसं शिकार आणि मासेमारी करून जगणारी असावीत, शेती सुरू होण्याच्या आधीची. शिवाय कोकणात गारगोटीसारख्या दगडांची इवली इवली हत्यारं सापडतात, ती अशाच माणसांची. यावरून पुष्कळ अभ्यासक या कलेची सुरुवात दहा-बारा हजार वर्षांमागे नेतात. काही त्याहूनही मागे जातात. आणि सगळी चित्रं एकाच काळातली असतील असंही नाही. एका पिढीने हत्ती कोरला, शंभर पिढ्यांनी आणखी कुणी शेजारी मासा कोरला, असंही झालं असेल.

वय काढायची आणखी एक पद्धत फार सुंदर आहे. मातीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे प्रयोगशाळेत मोजता येतं! म्हणजे एखादा कण मातीखाली गाडला गेला तेव्हापासून तो जणू घड्याळ लावून बसलेला असतो. पण तो नमुना अंधारात काढावा लागतो. त्यावर ऊन पडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून कातळशिल्पाच्या रेघेत किंवा आसपास साठलेली माती कुणी हौसेने काठीने उकरून काढली, तर चित्र स्वच्छ दिसेल खरं, पण त्या मातीत असलेला पुरावा गेलाच म्हणून समजा.

या शिल्पांतली दोन ठिकाणं मला फार आवडतात. एक राजापूरजवळचं बारसू. तिथे मधोमध माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वाघ कोरलेला आहे. दोन वाघांच्या मधे उभा राहिलेला माणूस! मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही दोन वाघांना आवरणारा माणूस आहे, त्यामुळे अनेकांना लगेच सिंधू संस्कृतीची आठवण होते. सारखेपणा आहेच, पण त्यावरून नातं जोडायला अजून पुरावा हवा.

दुसरं ठिकाण देवाचे गोठणे. तिथे कातळावर एक माणसाची आकृती आहे. त्या जागी होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते, उत्तर दाखवायची सोडून भलतीकडेच तोंड करते. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण भुताटकी वगैरे काही नाही हं. जांभ्यात लोखंड भरपूर असतं, आणि वीज पडल्यानेही खडकाचा एखादा भाग चुंबकासारखा होऊ शकतो. आता, कोरणाऱ्याने मुद्दाम ही जागा निवडली का? त्याच्याकडे होकायंत्र तर नव्हतं. काही लोक यावरून मोठमोठ्या कथा रचतात. त्या ऐकायला छान वाटतात, एवढंच.

रत्नागिरीच्या बाहेरही ही कला आहे. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या कुडोपीला आहे. गोव्यात सांगे तालुक्यात रिवणजवळ उसगाळीमळ, म्हणजेच फणसायमळ, इथे कुशावती नदीच्या अगदी काठावर आहे. गोव्याची ही जागा १९९३ साली अभ्यासकांसमोर आली. तिथे बैल, हरीण, मोर यांच्याबरोबर एक गोल चक्रव्यूहही कोरलेला आहे. बोटाने वाट शोधत आत जायचं, असा.

आता जरा अवघड गोष्ट. मोठ्यांनीही वाचावी अशी.

हजारो वर्षं ऊन-पाऊस सोसून जे टिकलं, ते एका सकाळीत नाहीसं होऊ शकतं. कारण ज्या दगडावर हत्ती कोरला आहे, तोच दगड घर बांधायला लागतो. चिरेखाणीत यंत्राचं पातं फिरायला लागलं की सड्याचा वरचा थर ओळीने कापला जातो. चिरे ट्रकमध्ये जातात, खाली उरतो चौकोनी खड्डा. चिऱ्यावर कोरलेली रेघ होती की नुसती भेग, हे तिथे बघायला कोण थांबतं? दुसरीकडे हापूसची कलमं लावायला कातळात सुरुंगाने खड्डे पाडतात, बाहेरून माती आणून भरतात. कुठे रस्ता जातो, कुठे कारखान्याची जागा ठरते. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीची तपासणी सुरू झाली तेव्हा गावकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. त्या वेळी कातळशिल्पांचं पुढे काय होणार, हाही प्रश्न पेपरांतून गाजला.

यात दोष कुणाचा, हे पटकन सांगता येत नाही. बहुतेक कातळशिल्पं कुणाच्या ना कुणाच्या खासगी जमिनीत आहेत. सातबाऱ्यावर ही जमीन बहुधा पोटखराबा म्हणून लागलेली असते. म्हणजे पिकाच्या दृष्टीने निरुपयोगी. ज्या शेतकऱ्याला या जमिनीतून भाताचा दाणाही मिळत नाही, त्याला चिऱ्यांचे पैसे मिळत असतील तर त्याने ते का नाकारावेत? नातीचं लग्न, मुलाचं शिक्षण, गळकं छप्पर, सगळं त्याच्यासमोर असतं. त्याला नुसतं "वारसा जपा हो" असं शहरातून येऊन सांगणं फार सोपं आहे. हत्ती राखून त्याच्या घरात चार पैसे येतील, अशी सोय केल्याशिवाय हे कोडं सुटायचं नाही, असं माझं मत आहे. तुमच्या घरी या विषयावर वाद घालून बघा. आई-बाबांचं काय म्हणणं पडतं?

काही गावांनी मात्र वाट काढली आहे. रत्नागिरी तालुक्यात उक्षी नावाचं गाव आहे, कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे त्या नावाचं. तिथल्या सड्यावर एका हत्तीचं कातळशिल्प आहे. ते गावकऱ्यांनी संरक्षक भिंत घालून राखलं. शिवाय बघायला येणाऱ्यांसाठी उंच जागा केली, म्हणजे वरून पूर्ण हत्ती दिसतो आणि कुणाचा पाय त्यावर पडत नाही. साधीच युक्ती, पण किती उपयोगाची!

२०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत 'कोकणातील कातळशिल्पे' असं नाव लागलं. त्यात नऊ जागा आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात: कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी. सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. तात्पुरती यादी म्हणजे उमेदवारांची यादी. नाव लागलं म्हणजे निवड झाली असं नव्हे, पण परीक्षेला बसायची परवानगी मिळाली, असं म्हणू.

तुमच्यापैकी जी मुलं कोकणात राहतात, किंवा मे महिन्यात आजोळी जातात, त्यांना हे बघायला नक्कीच जाता येईल. मोठ्या माणसाबरोबर जा, पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका, आणि जमीन ज्यांची आहे त्यांना विचारून जा. भर दुपारी जाऊ नका. एक तर ऊन डोक्यावर, आणि दुसरं म्हणजे तेव्हा काही दिसतच नाही! रेघा उथळ असतात. सूर्य माथ्यावर असला की सावली पडत नाही आणि तुम्ही हत्तीच्या पाठीवर उभे राहून "कुठाय हत्ती?" असं विचारत राहाल. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरपं ऊन रेघेच्या एका काठावर अडतं, सावलीची रेघ उठते आणि बघता बघता जमिनीतून प्राणी वर येतो.

फोटो चांगला यावा म्हणून रेघांत खडू, चुना, रांगोळी भरायची नाही. वर चालायचं नाही, चपला काढूनसुद्धा नाही. आपलं नाव कोरणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण या पानावर अपशब्द छापत नाहीत.

आणि समजा, नवीन काही सापडलंच तर? असं होऊ शकतं हं, कारण सगळे सडे अजून कुठे पाहून झालेत? तर जागा नीट लक्षात ठेवायची: कुठल्या वाडीच्या वर, कुठल्या पाखाडीने, जवळ कुठलं झाड किंवा डबकं. वहीत चित्र काढायचं. मग गुरुजींना किंवा बाईंना दाखवायचं, ग्रामपंचायतीत सांगायचं आणि त्यांच्यामार्फत राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवायचं. या विभागाचं रत्नागिरीचं कार्यालय थिबा राजवाड्यात आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी जिथे नजरकैदेत ठेवलं होतं, तोच हा वाडा. त्याची गोष्ट पुन्हा केव्हातरी.

ज्यांना कोकणात जाता येणार नाही त्यांनी शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करावा. खेळाच्या सरांची परवानगी घ्या, म्हणजे ओरडा बसणार नाही. एक सुतळी, चार खुंट्या आणि थोडी फक्की घ्या. १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद चौकोन आखा. खो-खोच्या मैदानाचा बराचसा भाग त्यात जाईल. आता त्या चौकोनात मावेल एवढा हत्ती फक्कीने काढा. एकानेच सांगायचं, बाकीच्यांनी काढायचं. अट एकच: हत्ती पूर्ण होईपर्यंत गच्चीवर चढून बघायचं नाही. कशेळीच्या सड्यावर गच्ची नव्हती! सोंड कुठे संपवायची, पाय किती लांब ठेवायचे, पाठीचा बाक कुठून सुरू करायचा, सगळं जमिनीवर उभं राहूनच ठरवायचं. त्या माणसांनी आधी छोटं चित्र काढून मग ते मोठं केलं असेल का? दोरी वापरली असेल की पावलं मोजली असतील? करून बघताना तुम्हालाच काहीतरी सुचेल. हत्ती पूर्ण झाला की मगच गच्चीवर जा आणि बघा, हत्ती झालाय की डुक्कर. काय झालं ते आणि किती मुलं, किती वेळ लागला, तेही पत्रात लिहून कळवा. फक्कीच्या हत्तीचा फोटो मिळाला तर उत्तमच.